काळा घोडा: दार ढकलायचं की बेल वाजवायची?

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी मी कुलाब्यातल्या एका जुनाट इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एका बंद दारासमोर, चांगली दोन मिनिटं नुसता उभा होतो. दाराशेजारी छोटीशी पाटी, पाटीखाली बेलचं बटण. आत एका चित्रकाराचं प्रदर्शन चालू आहे, ते सगळ्यांसाठी खुलं आहे आणि फुकट आहे, एवढं सगळं घरून निघायच्या आधी नेटवर वाचून आलो होतो. तरी बेल वाजवायला हात उठेना. पायात फ्लोटर्स, पाठीला ऑफिसचीच सॅक, घामाने अंगाला चिकटलेला टीशर्ट. आतून कोणी 'येस?' म्हणून विचारलं तर सांगायचं काय? चित्रं बघायला आलोय? विकत घ्यायला नाही हो, नुसती बघायला?

रात्री दोन वाजता प्रॉडक्शन सर्व्हरवर बिनधास्त हात घालणारा माणूस मी. आणि घाबरलो कशाला, तर एका बेलला! शेवटी वरच्या मजल्यावरून कोणीतरी जिना उतरायला लागलं, तेव्हा 'हा इथे का उभा आहे' असं त्यांना वाटू नये म्हणून घाईघाईत बटण दाबलं. दार उघडलं. एका मुलीने हसून आत यायची खूण केली आणि परत लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. बास. इतकंच. पुढचा पाऊण तास तिथे अकरा चित्रं, एक एसी आणि मी, एवढेच होतो. चारेक चित्रं कळली, दोन आवडली, उरलेली डोक्यावरून गेली. पण कोणी काही विचारलं नाही, कोणी हाकललं नाही.

परत येताना लोकलमध्ये डोक्यात एकच किडा. ही भीती आली कुठून?

माझ्या घरातली तरी कुठून आली ते मला माहीत आहे. आमचे बाबा बत्तीस वर्षं फोर्टमध्ये रीगलच्या अलीकडच्या एका बँकेत नोकरीला होते. सकाळी व्हीटीला उतरायचं, महात्मा गांधी रोडने चालत बँकेत जायचं, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. म्हणजे दिवसातून दोनदा जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारावरून. आत किती वेळा गेले? शून्य. लहानपणी एकदा विचारलं होतं, तर म्हणाले, "आपलं काय काम तिथे?" त्यात राग नव्हता, कमीपणाही नव्हता. हायकोर्टात आपलं काही काम नसतं, ताजमध्ये नसतं, तसंच तिथेही नाही, इतक्या सहजपणे म्हणाले होते.

तर पुढचे तीन-चार विकांत मी काळा घोडा ते ताजची मागची बाजू हा पट्टा पायाखाली घातला आणि मिळेल ते वाचलं. जे हाती लागलं ते जरा गमतीचं आहे. ज्या दारांना आपण बिचकतो, ती ज्यांनी बसवली तेही बहुतेक बाहेरचेच लोक होते.

सुरुवात घोड्यापासून करू. मूळचा काळा घोडा म्हणजे इंग्लंडच्या युवराजाचा, पुढच्या सातव्या एडवर्डचा, घोड्यावर बसलेला पुतळा. आल्बर्ट ससून या बगदादी ज्यू घराण्यातल्या व्यापाऱ्याने शहराला दिलेला, १८७९ सालचा. लोकांनी वरच्या राजाकडे साफ दुर्लक्ष करून चौकाला घोड्याचं नाव दिलं, हे मला फार आवडतं. १९६५ साली पुतळा हलवला आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला. घोडा गेला, नाव राहिलं. मग २०१७ साली तिथे नवा घोडा आला, या खेपेला स्वार नसलेला. एकंदरीत हा चौक कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न इथे जुनाच दिसतो.

आता १९४० च्या आसपासची मुंबई डोळ्यांसमोर आणा. जेजे स्कूल ऑफ आर्ट १८५७ पासून आहे, बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून. म्हणजे चित्रकार भरपूर तयार होतायत, वार्षिक प्रदर्शनं भरतायत, पदकं मिळतायत. पण नव्या पद्धतीचं काही रंगवणाऱ्याला वर्षभर चित्रं लावायला हक्काची भिंत नाही. आजच्या अर्थाने 'गॅलरी' नावाची गोष्टच नाही. हॉल मिळवा, स्वतः खिळे ठोका, आठवड्याने उतरवा आणि टॅक्सीत घालून घरी न्या.

अशा वेळी तिथे तीन परदेशी माणसं येऊन पोचली. तिघंही हिटलरच्या युरोपातून बाहेर पडलेले. वॉल्टर लँगहॅमर हा व्हिएन्नाचा चित्रकार टाइम्स ऑफ इंडियात कलादिग्दर्शक झाला. रुडॉल्फ फॉन लायडन शिकलेला भूगर्भशास्त्र, पण इथे येऊन चित्रांवर लिहायला लागला. आणि एमॅन्युएल श्लेसिंजर, हाही व्हिएन्नाचा, त्याने इथे औषधांचा धंदा काढला आणि त्यातल्या पैशाने पोरांची चित्रं विकत घ्यायला लागला. एक शिकवणारा, एक लिहिणारा, एक विकत घेणारा. आपल्या भाषेत सांगायचं तर मेंटॉर, रिव्ह्यूअर आणि पहिला कस्टमर. स्टार्टअपला आणखी काय लागतं? :) गंमत सोडा, पण ज्यांना स्वतःच्या गावात राहायला जागा उरली नव्हती, त्यांनी दुसऱ्यांच्या चित्रांना इथे जागा करून दिली.

चौथा माणूस मुंबईचाच. केकू गांधी, पारशी, केंब्रिजला शिकायला होता, युद्धामुळे परत जाता येईना. एका बेल्जियन माणसाबरोबर त्याने १९४१ साली चित्रांच्या चौकटी बनवायचा धंदा सुरू केला. 'केमिकल मोल्डिंग'चा संक्षेप करून नाव ठेवलं 'केमोल्ड'. आज समकालीन कलेतलं हे केवढं वजनदार नाव, पण त्याचा उगम असा कारखान्याच्या पाटीत आहे. प्रिन्सेस स्ट्रीटवर दुकान होतं. चौकट विकायची तर आत काहीतरी चित्र दाखवायला हवं, म्हणून केकूने दुकानाच्या काचेत आरा, हेब्बर, हुसेन यांची चित्रं लावायला सुरुवात केली. मला तर वाटतं मुंबईतली पहिली आधुनिक गॅलरी म्हणजे ही फ्रेमवाल्याची काच. तिला दार नव्हतंच. ट्रामची वाट बघत फुटपाथवर उभं राहून चित्र बघायचं.

आणि ही पोरं तरी कोण होती? १९४७ साली सहा जणांनी मिळून प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यातला सूझा गोव्याच्या साळगावचा, बेचाळीसच्या चळवळीच्या धामधुमीत राजकारणापायी जेजेतून काढून टाकलेला. आरा लहानपणी घरातून पळून मुंबईत आलेला, लोकांच्या घरी नोकर म्हणून राबलेला, गाड्या पुसणारा. हुसेन पंढरपूरला जन्मलेला, सिनेमाची होर्डिंग्ज रंगवणारा. रझा मध्य प्रदेशातल्या जंगलखात्यातल्या माणसाचा मुलगा, इथे ब्लॉक बनवणाऱ्या स्टुडिओत नोकरीला. गाडे विदर्भातल्या तळेगाव दशासरचा. बाक्रे शिल्पकार. (हे बाक्रे पुढे लंडनला गेले आणि परत येऊन कोकणात मुरूड-हर्णैला राहिले. २००७ साली गेले. आपण त्या बाजूला किती वेळा मासे खायला गेलो असू, आणि कोणी सांगितलंही नाही.)

१९४९ च्या जुलैमध्ये या सहा जणांचं मुंबईतलं पहिलं एकत्र प्रदर्शन भरलं ते रॅम्पार्ट रोवर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या सलाँमध्ये. उद्घाटनाला मुल्कराज आनंद. रॅम्पार्ट रो म्हणजे आजचा के. दुबाश मार्ग, जहांगीरसमोरचा. हा रस्ता मी आता चार वेळा वरखाली केलाय. इथेच अॅडोर हाउसमध्ये आर्टिस्ट्स सेंटर आहे. त्याच्या उभारणीत आराचा मोठा हात होता. गाड्या पुसणाऱ्या माणसाने दुसऱ्या चित्रकारांसाठी खोली मिळवायला धडपडायचं, हे जरा थांबून वाचण्यासारखं आहे.

आता येऊ जहांगीरकडे. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा हे दोघं सर कावसजी जहांगीर यांच्या मागे लागले की शहराला एक कायमची गॅलरी हवी. सर कावसजींनी आपल्या दिवंगत मुलाच्या, जहांगीरच्या, नावाने ती बांधून दिली. १९५२ च्या जानेवारीत बाळासाहेब खेरांच्या हस्ते उद्घाटन झालं. वास्तुरचना दुर्गा बाजपेयींची. भाभांचं नाव इथे बघून चकित होऊ नका. ते स्वतः उत्तम रेखाटनं करत, आणि पुढे टीआयएफआरच्या खर्चातला एक टक्का चित्रांवर लावायचा शिरस्ता त्यांनी पाडला. अणुशास्त्राच्या संस्थेत हुसेनचं भलंमोठं भित्तिचित्र आहे ते त्यामुळे. आमच्या ऑफिसात भिंतीवर 'वुई आर अ फॅमिली' असं लिहिलंय. असो.

जहांगीरची इमारत तुम्ही बघितली असेल. नसेल तर बाहेरून तरी बघितलीच असेल. दारावर ते काँक्रीटचं लाटेसारखं छत, पावसात खाली वीस माणसं उभी असतात. आत जायला तिकीट नाही. मी आठवीत असताना इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या आम्हा पोरांना चित्रकलेच्या सरांनी इथे आणलं होतं. दाराशी सगळे घुटमळलो तेव्हा सर म्हणाले, "उघडंच असतं ते. ढकला." त्या दिवशी आत काय पाहिलं ते साफ विसरलो. सरांचं हे वाक्य तेवढं लक्षात राहिलंय.

पण उघड्या दारातून पोलीसही आत येतात. जहांगीर उघडून जेमतेम दोन वर्षं झाली होती. १९५४ साली अकबर पदमसी (जाहिरातवाले आणि 'गांधी' सिनेमातले जीना, अलेक पदमसी, त्यांचा भाऊ) पॅरिसहून येऊन इथे प्रदर्शन भरवत होता. वय वर्षं सव्वीस. मुंबईतलं पहिलंच स्वतंत्र प्रदर्शन. त्यात 'लव्हर्स' या विषयावरची चित्रं होती. स्त्री आणि पुरुष, आणि पुरुषाचा हात स्त्रीच्या वक्षावर. पोलीस आले आणि म्हणाले, ही दोन चित्रं काढा.

आपण असतो तर काय केलं असतं? खरं सांगा. दोन फाइल्स डिलीट केल्या की बाकीचा बिल्ड पास होतोय. आयुष्यातलं पहिलं प्रदर्शन, भिंतीवर इतर चित्रं आहेतच, लोक येतायत. मी तर डोळे झाकून काढली असती, आणि घरी जाऊन मित्रांना फोनवर व्यवस्थेला शिव्या घातल्या असत्या. पदमसीने काढली नाहीत. त्याला अटक झाली आणि भारतीय दंडविधानाच्या कलम २९२ खाली, अश्लीलतेचा खटला उभा राहिला. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला जे लोक आले त्यात तो भूगर्भशास्त्राचा जर्मन, फॉन लायडनही होता. मॅजिस्ट्रेटने पदमसीला निर्दोष सोडलं. सरकार हायकोर्टात गेलं. तिथेही सरकार हरलं.

मला या खटल्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती जागा. हेच चित्र पदमसीच्या घरी भिंतीवर असतं तर कोणी ढुंकून बघितलं नसतं. श्लेसिंजरसारख्या एखाद्या संग्राहकाच्या दिवाणखान्यात असतं तरी नाही. भानगड झाली ती ते चित्र अशा ठिकाणी होतं म्हणून, जिथे कोणीही, अगदी बँकेतून घरी निघालेला कारकूनही, दार ढकलून आत येऊ शकत होता. कोर्टाने निकाल चित्राबद्दल दिला, पण त्यातून हे दारही वाचलं. ही लढाई त्या वेळी जिंकली म्हणून कायमची जिंकली असं काही नाही. १९९६ नंतर हुसेनवर खटल्यांमागून खटले झाले, त्याच्या मुंबईतल्या घरावर हल्ला झाला. २००६ साली तो देश सोडून गेला आणि २०११ साली लंडनला वारला. पंढरपूरचा माणूस, परत आला नाही.

पुढचा काळ जरा भराभर सांगतो, कारण तो सुखाचा आहे. १९६३ साली केकू आणि खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली. त्याच वर्षी हुतात्मा चौकाजवळ काली पंडोल यांची पंडोल आर्ट गॅलरी निघाली. १९६४ साली जहांगीरमध्ये उषा खन्नांचं कॅफे समोवार उघडलं. आगगाडीच्या डब्यासारखं लांबट, अरुंद, एका बाजूला म्युझियमची हिरवळ. प्रदर्शन लावणारा, बघणारा, त्यावर पेपरात झोडपून लिहिणारा, तिघंही तिथे एकाच चहावर तासभर बसलेले असत. पलीकडे रॅम्पार्ट रोच्या कोपऱ्यावरच्या वेसाइड इनमध्ये अरुण कोलटकर बसत आणि खिडकीतून बाहेरचा फुटपाथ बघत. कोलटकर जेजेचे, पोटापाण्याला जाहिरातीतलं डिझाइन. २००४ साली, ते गेले त्याच वर्षी, त्यांचं 'काळा घोडा पोएम्स' आलं. गंमत बघा, चारी बाजूंना गॅलऱ्या असलेल्या चौकावर कवी लिहितो ते गॅलऱ्यांबाहेर, फुटपाथवर जगणाऱ्या माणसांबद्दल. वेसाइड इन आता नाही. समोवार ३१ मार्च २०१५ ला बंद झालं. त्याच्या पुढच्या वर्षी समोरचं ऱ्हिदम हाउसही. त्या गर्दीत शेवटचा पराठा खायला मीसुद्धा गेलो होतो, पण समोवारमध्ये. शेजारच्या हॉलमध्ये कोणाचं प्रदर्शन आहे ते बघितलं नाही! हे कबूल करायला आता लाज वाटते.

रस्ता ओलांडून रीगलकडे निघालं की सर कावसजी जहांगीर हॉल. हे त्याच घराण्याच्या देणगीतून १९११ साली उभं राहिलेलं सभागृह, वास्तुकार जॉर्ज विटेट. (गेटवे ऑफ इंडियावालाच तो.) संगीताच्या मैफली, स्वातंत्र्य चळवळीतल्या सभा, कामगारांचे मेळावे असं सगळं इथे झालं. मग मोठमोठी एसी सभागृहं झाल्यावर याच्या नशिबी बॉक्सिंगचे सामने, लग्नाच्या पार्ट्या आणि साड्यांचे सेल आले. शिल्पकार पिलू पोचखानावाला, केकू गांधी अशा लोकांनी लावून धरलं की इथे आधुनिक कलेचं सरकारी संग्रहालय व्हावं. बारा वर्षं काम चाललं. बारा! आणि १९९६ साली नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टची मुंबई शाखा सुरू झाली. बाहेरून जुनं दगडी सभागृह, आत एकावर एक अर्धगोल मजले, जिना फिरत फिरत थेट घुमटाखाली. मी वर पोचून खाली बघितलं तर चक्कर आली, पण जागा विलक्षण आहे.

इथेच २०१९ साली एक प्रसंग झाला. प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन होतं. बरवे म्हणजे रायगडातल्या नागावचे, १९९५ साली गेले. 'कोरा कॅनव्हास' हे त्यांचं पुस्तक मराठीत चित्राबद्दल किती साधं आणि खोल लिहिता येतं याचा पुरावा आहे. मिळालं तर सोडू नका. ८ फेब्रुवारीला उद्घाटनाच्या कार्यक्रमात अमोल पालेकर बोलत होते. (पालेकर आपल्याला रजनीगंधा-गोलमालमुळे माहीत, पण ते मुळात जेजेत शिकलेले चित्रकार.) या गॅलरीत काय लावायचं ते ठरवण्यात इथल्या कलावंतांच्या स्थानिक सल्लागार समितीचा वाटा असे. ती समिती बरखास्त झाल्याबद्दल, आता निर्णय दिल्लीहून होणार याबद्दल ते बोलायला लागले, तर त्यांना मध्येच थांबवण्यात आलं. बरव्यांबद्दलच बोला. पालेकरांनी भाषण आवरतं घेतलं.

व्हिडिओ नेटवर आहे. मी तो तीनदा पाहिला. पोलीस नाहीत, खटला नाही, आरडाओरडाही नाही. सगळं फार सभ्यपणे होतं, आणि म्हणूनच ते पदमसीच्या अटकेपेक्षा मला जास्त अस्वस्थ करून गेलं. अटकेविरुद्ध कोर्टात जाता येतं. 'जरा विषयाला धरून बोला' याविरुद्ध कुठे जाणार? त्याच वर्षाच्या शेवटी इथेच सुधीर पटवर्धनांचं सिंहावलोकन भरलं. पटवर्धन ठाण्यात वर्षानुवर्षं क्ष-किरणतज्ज्ञ होते. दिवसा लोकांचे एक्स-रे, उरलेल्या वेळात चित्रं, आणि चित्रांत कोण, तर रस्त्यावरचा, लोकलमधला, इराण्याकडे बसलेला साधा कष्टकरी माणूस. नोकरी सांभाळून काहीतरी करू बघणाऱ्या आपल्यासारख्यांनी भिंतीवर फोटो लावावा असा माणूस.

आणि मग येतो पैसा. २००२ साली तैयब मेहतांचं 'सेलिब्रेशन' लिलावात दीड कोटीला गेलं तेव्हा पेपरात पहिल्या पानावर बातमी होती. २००५ साली त्यांचंच 'महिषासुर' १५ लाख ८० हजार डॉलरला गेलं. त्यानंतर बाजार जो उसळला! आमच्या कंपनीत शेअर्सच्या टिप देणारे लोक चित्रांच्या टिप द्यायला लागले होते. कुलाब्यात ताजच्या आसपास, जुन्या इमारतींत, एका बंद पडलेल्या छापखान्याच्या जागेतसुद्धा, नव्या गॅलऱ्या निघाल्या त्या साधारण २००३ ते २०१० या काळात. चॅटर्जी अँड लाल, प्रोजेक्ट ८८, मिरचंदानी अँड स्टाइनरुके. केमोल्डही २००७ साली जहांगीरचा जिना सोडून प्रेस्कॉट रोडवरच्या मोठ्या जागेत गेली. २००८ च्या मंदीत काही मोठी नावं गळाली, बाकीची टिकली. २०१३ च्या डिसेंबरात क्रिस्टीजने भारतातला पहिला लिलाव केला तो ताजमध्येच, आणि वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं. गायतोंडे गिरगावात वाढलेले. गिरगावातून ताजला टॅक्सीने पंधरा-वीस मिनिटं. पण ते २००१ सालीच गेले होते, तेही फारसं कोणाच्या लक्षात न येता. आणि २०२५ साली हुसेनचं १९५४ सालचं 'ग्राम यात्रा' न्यूयॉर्कला ११८ कोटींना. १९५४, म्हणजे पदमसीला अटक झाली तेच साल.

बेलचं कोडं मला इथे सुटलं. कमीत कमी माझ्यापुरतं तरी. जहांगीर ही देणगीतून झालेली जागा, तिला माणसं हवीत. म्हणून तिचं दार फुटपाथला लागून आहे. कुलाब्यातल्या गॅलरीला महिन्यात पाच गिऱ्हाईकं आली तरी भागतं, आणि ती फोन करून येतात. भाडं परवडायला तिसरा मजला, आतल्या कोट्यवधींच्या मालासाठी बेल. त्यात उर्मटपणा असेलच असं नाही, हिशोब आहे. आणि तरीही त्या फुकट आहेत, हे विसरू नका. उलट जे नवं, अवघड, अजून किंमत न ठरलेलं काम आहे ते बघायला मिळतं ते तिथेच. जहांगीरमध्ये दहा प्रदर्शनांतली सात निसर्गदृश्यं, गणपती आणि बनारसचे घाट निघतात, हेही खरं आहे. (शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय.)

एवढं सगळं वाचून झाल्यावर गेल्या शनिवारी बाबांना घेऊन गेलो. बाबा आता चौऱ्याहत्तरचे. कुलाब्याचा जिना नको, म्हणून जहांगीर. आधी कुरकुर केली, गुडघा दुखतोय म्हणाले, मग इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी तयार. त्या लाटेच्या छताखाली आल्यावर थबकले. मी म्हटलं, "उघडंच असतं, ढकला." त्यांनी चपला काढाव्या लागतात का ते आधी बघून घेतलं.

आतल्या हॉलमध्ये सांगलीकडच्या एका शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांचं प्रदर्शन होतं. मास्तर स्वतः टेबलाशी बसलेले, समोर अभिप्रायाची वही. बाबा प्रत्येक चित्रापुढे सारखाच वेळ उभे राहिले, जसे पूर्वी काउंटरवर प्रत्येक चेक बघायचे तसे. एका ओढ्याच्या चित्रासमोर मागे वळून विचारलं, "मास्तर, हे पाणी कोरडं ठेवलंय की रंग दिलाय?" मास्तर उठून आले. म्हणाले, "कागदच सोडलाय काका, पांढरा." मग दोघं दहा मिनिटं बोलत होते, कागद कुठून आणता, सांगलीला पाऊस किती, निवृत्तीला किती वर्षं उरली. वहीत बाबांनी बँकेतल्या त्या वळणदार अक्षरात पूर्ण नाव, पूर्ण पत्ता, तारीख लिहिली. अभिप्रायाच्या रकान्यात: 'सर्व चित्रे पाहिली.'

बाहेर येऊन कट्ट्यावर बसलो. बाबा रस्त्याकडे बघत होते, रीगलच्या दिशेने.

"प्रदर्शन दर आठवड्याला बदलतं म्हणाले मास्तर."

"हो, बदलतं."

"बत्तीस वर्षं म्हणजे..." मी फोन काढेपर्यंत त्यांचा तोंडी हिशोब झालाही होता. "सोळाशे चौसष्ट."

"एका हॉलची," मी म्हटलं.